पाणघोडे मास्तरांचा उजवा हात

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा, भावोजींचा खोकला आणि तुमच्या शेजारणीचा स्वभाव या तिन्हींना एव्हाना उतार पडला असेल अशी आशा करते. मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत की एवढा मोठा हिरो त्या रविवारी टीव्हीवर, आमच्या पाणघोड्यासमोर, जमिनीवर मांडी घालून रडत का होता. येणारी-जाणारी माणसं तुम्हाला विचारतात आणि तुम्हाला काहीच सांगता येत नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. (म्हणजे वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं.) तेव्हा आता अथपासून इतिपर्यंत लिहिते. चहा घेऊनच बसा.

आमचं काम तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही चारचौघांत 'माझा भाऊ टीव्हीवर असतो आणि त्याची बायको त्याला मदत करते' असं सांगता, हे माझ्या कानावर आलंय. म्हणून एकदा नीट सांगते. पाणघोडे मास्तर हे मुलांच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमातले, आरामखुर्चीएवढे मोठे, निळ्या मखमलीचे, चष्मा आणि टाय लावणारे गृहस्थ आहेत. त्यांचं डोकं यांच्या उजव्या हातात, त्यांचा डावा हात यांच्या डाव्या हातात, आणि आवाज यांचा. माणसाला दोनच हात असल्यामुळे मास्तरांचा उजवा हात उरतो. तो मी. आम्ही दोघं एका पोकळ टेबलाखाली, चाकं लावलेल्या बुटक्या स्टुलांवर, गालाला गाल लावून बसतो, हात वर धरतो आणि गुडघ्यांपाशी ठेवलेल्या छोट्या टीव्हीत बघून वर काय चाललंय ते ओळखतो. मास्तर 'शाब्बास' म्हणाले की अर्ध्या क्षणाने मी पोराच्या पाठीवर थाप मारते. घंटा वाजवते, मास्तरांचं नाक पुसते, बोटांवर चारपर्यंत मोजते. (मास्तरांना बोटं चारच आहेत. त्यामुळे आमच्या कार्यक्रमावर वाढलेली मुलं पाचाला जरा अडखळतात, अशी शाळांची तक्रार आहे.) सतरा वर्षं हे असंच चाललंय. नवराबायकोचं वाजलं की इतर घरांत भांडी आपटतात, आमच्याकडे रविवारी सकाळी पाणघोड्याची टाळी चुकते, आणि ते सगळ्या जगाला दिसतं.

आता मुख्य गोष्ट. त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी निर्मातीबाई कपडेपटाच्या शिंप्याला घेऊन आल्या आणि म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून मास्तरांचा उजवा हात कापूस भरून पोटावर शिवून टाकायचा, म्हणजे हलवायला नको. शिंप्याने टेप काढली, हात मोजला आणि खुणेला टाचण्या टोचल्या. मी आत होते, वन्सं! माझ्या मनगटावरून टेप फिरत होती आणि बाई 'अंगठा जरा आत दुमडा' असं सांगत होत्या. मी तुमच्या बंधूंकडे बघितलं. आता हा माणूस काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. तुमच्या बंधूंनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, 'हो, चालेल.' सतरा वर्षांच्या हाताला दोन शब्द! मी घरी आले, चार दिवस स्वयंपाक केला, वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनीही काढला नाही. चार दिवस आमच्या घरात फक्त कुकर बोलत होता.

दर रविवारी कुणीतरी नामांकित पाहुणा येतो, मुलांना एक चांगली सवय सांगतो आणि जातो. त्याला नियम एकच, बोलताना मास्तरांच्या डोळ्यांत बघायचं, टेबलाखाली डोकवायचं नाही. पण तोही भल्याभल्यांना जमत नाही. एक कुस्तीगीर मास्तरांनी जांभई दिली तेव्हा खुर्चीसकट मागे पडला. बातम्या देणाऱ्या एक बाई मास्तरांना शेवटपर्यंत 'आपण, आपण' करत होत्या आणि जाताना यांना बाजूला घेऊन, मास्तर सेवानिवृत्त कधी होणार, असं विचारून गेल्या. पण त्या रविवारचा पाहुणा म्हणजे तो! विमानातून उडी मारणारा, दाताने बॉम्ब निकामी करणारा. तुम्ही नाही का त्याचा सिनेमा तीनदा बघितलात आणि तिन्ही वेळा भावोजींना 'डोळे तपासायला जाते' म्हणून सांगितलंत? (पत्र भावोजी वाचत नाहीत ना?) त्याच्याबरोबर सात माणसं होती. एक केसांचा, एक पाण्याचा, एक छत्रीचा (आमच्या स्टुडिओला छप्पर आहे, तरीही), एक 'साहेब आले' म्हणायला, एक 'साहेब निघाले' म्हणायला, आणि उरलेल्या दोघांचं काम काय ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हतं. साहेबांनी सहा मिनिटं बसायचं, दोनदा दात घासा असं सांगायचं आणि निघायचं, एवढंच ठरलेलं. आमचा कार्यक्रम थेट जातो, मध्ये थांबायची सोय नाही, म्हणून त्या सातही जणांना काचेपलीकडे बसवलं होतं.

मीही मनाशी ठरवून आले होते. कापूस हवाय ना? मग घ्या कापूस. सुरुवातीपासून मी मास्तरांचा उजवा हात पोटावर ठेवला आणि तसूभर हलवला नाही. पहिल्याच मिनिटाला समोर बसलेल्या तीस मुलांनी विचारलं, मास्तरांच्या हाताला काय झालं? यांनी मास्तरांच्या आवाजात, तो झोपलाय, अशी वेळ मारून नेली. हिरोने पहिल्यांदा 'दात घासा' म्हटलं. तो दुसऱ्यांदा म्हणणार एवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी, असेल पाचेक वर्षांची, उठली, सरळ त्याच्यापाशी गेली आणि आपला बूट त्याच्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "नाडी सुटली. बांधून दे."

हिरोने बुटाकडे बघितलं. मग काचेकडे बघितलं. (त्या उरलेल्या दोघांतला एक नाड्यांचा माणूस होता, हे नंतर कळलं.) मग पुन्हा बुटाकडे. एक टोक उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. त्याच्या कपाळावरचा घाम आम्हाला खाली छोट्या टीव्हीत दिसत होता. शेवटी त्याने अगदी हळू सांगितलं, "मला येत नाही गं." त्याच्या कॉलरला माइक होता, त्यामुळे ते घराघरांत ऐकू गेलं. ती मुलगी म्हणाली, "मलापण नाही येत," आणि खाली बसली. तो बिचारा तिच्यासमोर खुर्चीवरून उतरून जमिनीवर मांडी घालून बसला. रडणं नंतरचं आहे, थांबा.

तुमच्या बंधूंचं काळीज लोण्याचं आहे आणि डोकं मागून चालत येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मास्तरांनी एवढं थोरलं तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्यात काय! आणा तो बूट, मी दाखवतो." बूट टेबलावर आला, मास्तरांचा डावा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. एका हाताने टाळी वाजत नाही हे जगाला माहीत आहे. नाडीही बांधता येत नाही हे तुमच्या बंधूंना त्या क्षणी कळलं. माझ्या कानाशी कुजबूज झाली, "अगं, हात." चार दिवसांतले पहिले शब्द! मी टेबलाची आतली बाजू निरखत बसले. तिथे कुणीतरी च्युइंगगम चिकटवलंय. (यांनीच.) पुन्हा कुजबूज झाली, "अगं ए." मी च्युइंगगमच बघत होते. कॅमेऱ्याचा दिवा लाल, निर्मातीबाई काचेमागे दोन्ही हातांनी डोकं धरून उभ्या, आणि हिरो लहान मुलासारखा तोंड वर करून वाट बघतोय.

आणि मग, वन्सं, मास्तर बोलले. म्हणाले, मुलांनो, माझा हात झोपलेला नाही. तो माझ्यावर रागावलाय. मी त्याला न विचारता त्याच्याबद्दल एक गोष्ट परस्पर ठरवली. तीसच्या तीस मुलं ओरडली, "सॉरी म्हणा! सॉरी म्हणा!" हिरो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. मास्तरांनी ते अवाढव्य डोकं हाताकडे वळवलं आणि सगळ्या देशासमोर म्हणाले, "चुकलो. तुझ्यावाचून माझं चालत नाही."

मी लगेच हलले नाही. सावकाश चारपर्यंत मोजलं. मग हात उचलला, खिशातला रुमाल काढला आणि मास्तरांचं नाक पुसलं. असा गलका झाला की टेबल हललं.

पहिल्या खेपेला आम्ही नाडी मास्तरांच्याच टायला बांधली, कारण त्यांची बोटं म्हणजे भरलेल्या उशा, आणि छोट्या टीव्हीत डावं-उजवं नेहमीच गोंधळतं. दुसऱ्या खेपेला यांनी एक फास धरला, मी एक धरला, यांचा माझ्यावरून, माझा यांच्याखालून, आणि दोघांनी एकदम ओढलं. एक शब्द बोलावा लागला नाही. मला इतका आनंद झाला की यांच्यावरचा राग त्या वेळी आठवेनाच. (नंतर आठवला.) मग हिरोने करून बघितलं. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली, आणि तेव्हा तो रडला. म्हणाला, आधी आई बांधायची, मग माणसं बांधायला लागली, मध्ये शिकायचंच राहून गेलं. ते सांगून झाल्यावर त्याने तीस मुलांच्या नाड्या सोडल्या आणि एकेक करून बांधल्या. सहा मिनिटांची सव्वीस झाली. 'साहेब निघाले' म्हणणारा काचेपलीकडे चार वेळा तसं म्हणाला, पण साहेब काही निघाले नाहीत. बातम्याही उशिरा सुरू झाल्या.

दिवा विझल्यावर निर्मातीबाई सतरा वर्षांत पहिल्यांदा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली आल्या आणि म्हणाल्या, हात राहील. शिंप्याने हाताला टोचलेल्या टाचण्या माझ्यादेखत काढून घेतल्या. त्यांच्यामागून हिरोचं डोकं आत आलं. त्याने मखमलीसकट माझा हात हातात घेतला आणि बाईंना सांगितलं की हा हात असेल तरच पुन्हा येईन. गेल्या आठवड्यात टपालाने एकशे बारा चित्रं आली. मुलांनी आपापला पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे. सगळे उजवे पंजे! तुमच्या भावाच्या डोक्याला एकही चित्र आलं नाही, हे शेजारणीला आवर्जून सांगा.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. लोभ आहेच, आणखी करायचा असेल तर माझी ना नाही.

तुमची भावजय
(उजवीकडची)

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलं. माफी मागितली ती पाणघोडे मास्तरांनी, तुमच्या बंधूंनी नव्हे. घरी येऊन त्यांनी पंखा पुसला, डाळ निवडली, माझी चप्पल दुरुस्त करून आणली, पण 'चुकलो' हा शब्द मखमलीशिवाय त्यांच्या तोंडून निघेना. ते तुमचं ऐकतात. तेव्हा 'चूक तुझीच होती' अशी एकच ओळ त्यांना लिहून पाठवा. कार्ड पुरे.

ता. क. : ताई, मी. ही पाकिटाला तिकीट आणायला गेलीय तेवढ्यात लिहितो. वरचं सगळं खरं आहे, च्युइंगगमसुद्धा. एकच नाही. हात शिवायचं निर्मातीबाईंच्या डोक्यात नव्हतं. मीच त्यांच्याकडे जाऊन सांगितलं. गेलं वर्षभर ही वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढते आणि मला दिसत नाही असं समजते. टेबलाखाली हात वर धरला की दात आवळते, ते माझ्या कानापाशी वाजतात. डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलते. तिला 'थांब' म्हटलं असतं तर ईर्ष्येने आणखी दहा वर्षं धरला असता. काम बंद पडलं तर हिचा दुखरा खांदा वाचेल असं वाटलं. माझं चुकलंच. पण हे पत्र पुन्हा एकदा बघ. हिचं अक्षर असं होतं का? सगळं डाव्या हाताने लिहिलंय.

ता. क. : तिकीट घेऊन आले तर पाकीट उघडं. वाचलं. वन्सं, ती ओळ पाठवू नका. गुरुवारी डॉक्टरांकडे जाते आहे, हेही बरोबर येतायत, आणि ते सांगतील तितके दिवस हात खाली ठेवीन. पण हात शिवायचा नाही, ते मी यांना समोर बसवून सांगितलंय. पुढच्या महिन्यात हिरो शर्टाचं बटण लावायला शिकायला येतोय आणि तोवर मास्तरांना उजवीकडे कुणीतरी हवंच. काम कठीण नाही. तुमच्या भावाच्या कानाशी बसायचं, तो बोलायच्या आधी त्याच्या मनातलं ओळखायचं आणि ऐन वेळी त्याला सांभाळून घ्यायचं. माझ्याआधी हे तुम्हीच करत होतात. स्टूल बुटकं आहे, गुडघ्याला उशी देईन. तुमचा उजवा खांदा कसा आहे, तेवढं उलट टपाली कळवा.