मांड्यांचा संप

३ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच! दुकानात खाली बसून मोटर खोलली, उठायला गेलो तर मांड्या ऐकेनात. शेवटी आपल्याच गुडघ्यांवर हात टेकत टेकत स्वतःवरच चढलो. वय सत्तावीस. आमचे कारागीर सांडूभाऊ — वय त्रेपन्न — टुणकन उठले. वर म्हणतात, "शेठ, खुर्चीची सवय लागली तुम्हाला." खुर्ची! दहावीनंतर सात वर्षं दुसऱ्याच्या दुकानात जमिनीवर बसून तांब्याची तार गुंडाळली, तेव्हा कुठं चिकलठाण्यात स्वतःचं शटर उघडलं.

९ फेब्रुवारी
गारखेड्यातले, घराजवळचे डॉक्टर. तपासणी दीड मिनिट. "वीकनेस आहे." अहो, हे मीच सांगितलं होतं त्यांना! मग सलाईन. पिवळं. पिवळ्यात ताकद जास्त असते म्हणे. आई खूश — "आता कसा तरतरीत दिसतोस बघ!" तरतरीत मी कठड्याला लोंबकळत तिसऱ्या मजल्यावर पोचलो.

१४ फेब्रुवारी
आईनं दृष्ट काढली. शेजारचे नानासाहेब म्हणाले, जिम लाव. दोन्ही केलं. दृष्टीनं निदान दुखलं तरी नाही.

२३ फेब्रुवारी
रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे वाढलेत. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवलं, आवाज खाली आणला.
"रोज किती घेता?"
चहा? चार कप, साहेब.
"लाजू नका."
मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण दाराला कान लावून बसलेल्या आईला हे कोण पटवणार! घरी आल्यावर डोळ्याला पदर — "कवापासून रं, लेकरा?"
फोनवर नुसता आवाज ऐकून मी सांगतो, बेअरिंग गेलंय का वाइंडिंग. मोटर बिघडली म्हणून मालकाला पितोस का असं आजवर विचारलं नाही. मीच मागासलेला.

८ मार्च
लासूर स्टेशनला, बद्रीनाथमामांकडे. मे महिन्यात मामांच्या सायलीशी लग्न आहे. आईनं बसमध्येच बजावलं, "दुखण्याचं तोंडातून काढायचं नाय!" नाही काढलं. पण पंगत खाली! पोळ्या, आमटी, भात — सगळं झालं, सगळे उठले, मी बसलेलोच. मामा हात धुवून आले. "जावई, अजून भूक हाय व्हय?" तेवढ्यात सायली भाताचं पातेलं घेऊन आली. "बाबा, तुम्ही जा बरं बाहेर. असं बघत उभं राहिल्यावर माणूस जेवंल कसा?" मामा गेले. भिंत धरून उठलो. तिनं पाठ फिरवली होती, मुद्दामच. पोरगी लई हुशार. मला आवडते — आता कागदावर आलंच आहे तर राहू दे.

१९ मार्च
मोठे डॉक्टर, मेंदू आणि नसांचे. खाली बसवलं, उठवलं, पोटऱ्या दाबल्या. मग आईला प्रश्न — "तुम्ही नवरा-बायको नात्यातले?"
आईची मान ताठ. "व्हय तर! ह्याच्या बापाला मी सख्ख्या मामाची पोरगी. अन् माझ्या भावाला, बद्रीनाथला, ह्याची आत्या दिली. साटंलोटं! आमच्यात बाहेरचं कोणी नाय."
डॉक्टरांचा पेन थांबला. मला ऐकू आलं.
लिव्हरला काही झालेलंच नाही. ते आकडे माझ्या स्नायूंचे — झिजतायत ते. जन्मापासूनच रक्तात असलेला आजार दिसतो, म्हणाले. पक्कं कळायला जीनची तपासणी, महिनाभरानं रिपोर्ट. औषध? "बरं करणारं नाही. सांभाळायचं." लग्न? "मामाच्या मुलीशी? तिची तपासणी आधी. मुलांचा प्रश्न आहे."
इतक्या दिवसांत पहिला माणूस, ज्यानं आधी ऐकलं. आणि हे सांगितलं.

२० मार्च
दुकानात गेलो नाही.

२३ मार्च
आई म्हणते, "मामाला यातलं काय बोलायचं नाय. एकदा अक्षता पडू दे, मग बघू."
जुन्या मोटरीला रंग मारून नवी म्हणून विकणाऱ्याला मी दुकानातून हाकललं होतं. आता मलाच रंग द्यायला निघाली माझी आई! बोललो तसं. रडली. "तुझ्यासाठीच करते ना रे." ठाऊक आहे मला.
उद्या सायलीला सांगणार. ती नाही म्हणेल. म्हणावंच. म्हणू नये असं वाटतं, ते वेगळं.

२४ मार्च
दुपारी फोन केला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ती म्हणाली —
"दोन वर्षं झाली, न्हाणीत पाटावरून उठताना मी नळ धरते. लग्न होईस्तोवर तुमच्या घरी कळू द्यायचं नाय, असं आईनं बजावलंय."