बुडालं आहे सात मीटर

दि. ९, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. वाचताना तुला अडू नये म्हणून मोठं अक्षर काढते आहे. जोडाक्षरंही टाळणार होते, पण पहिल्याच 'प्रिय'मध्ये फसले.

आईचा गुडघा बरा आहे. मला कचेरीत नोकरी लागली. दुपारच्या सुट्टीत फोनवरच्या नकाशात तुझं जहाज शोधते. निळ्या पाण्यात इवलासा बाण. किनारा लांब गेला की बाण पुसट होतो, मग नाहीसाच. माझा जीव टांगणीला. आणि कुठल्याशा अनोळखी बंदरापाशी तू पुन्हा उगवलीस की कचेरीतली टेबलं, फायली, पंखा, सगळं हलकं होऊन तरंगायला लागतं.

जहाजाची लांबीही तिथे दिली आहे. आपल्या नळापासून शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन परत यावं, एवढी. शिंप्याच्या दारावर तुझी खोली आहे असं मी धरलंय. तू वर प्रवाशांच्या चादरी झटकतेस, मी खालून जाते.

तू न सांगता जहाजावर गेलीस तेव्हापासून बाबा तुझं नाव घेत नाहीत. पण जेवताना ताटाकडे बघत विचारतात, "गाडी कुठवर आली?" जहाजाला ते गाडीच म्हणतात.

परवा मी त्यांना जहाजाचा इंग्रजी तक्ता मराठीत सांगत होते. लांबी, रुंदी, वेग. पुढे पाण्याखालचा भाग होता. घाईत म्हणून गेले, "बुडालं आहे सात मीटर."

बाबांचा घास हातातच राहिला. "बुडालं? आणि माझी थोरली?"

"अगं भवाने, नीट वाच!" आई ओरडली.

मी म्हटलं, "बाबा, तेवढं बुडालेलं असतं म्हणून तर ते तरंगतं."

"बुडालेलं तरंगतं! हेच शिकलीस शाळेत?" म्हणाले आणि तोंड धुवायला मोरीत गेले. बराच वेळ धूत होते.

ताई, मागच्या खेपेला बाण आपल्याच बंदरात दिवसभर उभा होता. तू आली नाहीस. बाबांनी विचारलं तेव्हा मी "किनाऱ्याला आहे" एवढंच सांगितलं. कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही.

रविवारी जहाज पुन्हा इथे लागतंय. बाबांनी चप्पल शिवून आणली आहे. आज मला म्हणाले, "थोरलीला लिहीत-बिहीत असशील, तर मी विचारलं असं लिहू नकोस."

खोटं मला लिहवत नाही, आणि बाबांचा शब्द मोडवत नाही. तेव्हा तू खाली उतर, बंदराच्या फाटकापाशी ये, आणि काय ते त्यांनाच विचार.

रविवारी बाबांचा हात घट्ट धरून उभी असेन, ती

तुझी धाकटी