बाबा, तुमच्या चालीचा फोटो निघाला

बाबा,

चट्... फर्र... चट्... फर्र... आणि मग धडाम्! अंगणातल्या तुमच्या वहाणांचा हा आवाज अजून कानात आहे. शाळेत वृत्तं शिकल्यापासून मी तुमची चाल मोजायचो: लघु, गुरू, लघु, गुरू, आणि दारातल्या हंड्याशी यतिभंग. मग आई चुलीपुढून उठते, तुमच्यासमोर उभी राहते. "तोंड उघडा." तुम्ही 'आ' करता. "नाय गो घेतलेली!" ती हुंगते, "मिठाचाच वास येतोय" म्हणते, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगते. मिठागराच्या अरुंद बांधावरून तुम्ही इतक्यांदा खाऱ्या पाण्यात पडलात, की हा सकाळपासून लावतो, असं सगळं गाव ठरवून बसलं. थेंबही न घेता एवढं नाव कमावणारा दुसरा माणूस खाडीकाठी झाला नसेल.

आता मीही तसाच चालतो. इथे पेणला, रामवाडीच्या नाक्यावर रिक्षावाल्याने "काका, दुपारीच?" म्हणून विचारलं, तेव्हा मुलीने मला धरून एमआरआयला नेलं. मेंदूचा फोटो काढायला बोगद्यात सरकवतात. आत ठक्-ठक्-ठक्, घर्र, ठक्-ठक्. मला शाळेतला कवितेचा तास आठवला. पायाने ताल धरला. बाहेरून ओरड आली, "आजोबा, हलू नका!"

"मात्रा मोजतोय."

"मोजा, पण मनात!"

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. तोल सांभाळणारा मागचा लहान मेंदू आक्रसलाय, म्हणाल्या. "घेता का?" मी म्हटलं, "चहा." मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण असं चालायचं? बाबा, माझ्या डोळ्यांसमोर हंडा गडगडत गेला. पुढे रक्ताच्या तपासणीनेही तेच सांगितलं: दुर्मीळ आजार, पिढीजात.

मी लगेच रोह्याला धाकट्याला फोन केला. 'दारुड्याचा पोर' ऐकून ऐकून तो घर सोडून गेला, तो आजवर माझ्या या दारातही आला नाही. आता व्यसनमुक्तीवर भाषणं देतो, उदाहरण तुमचं. म्हटलं, "बाबा प्यायचे नाहीत रे, आजार होता. फोटो आहे माझ्याकडे. तूही एकदा तपासून घे."

"दादा, पिणाऱ्यांना आता मशीन सर्टिफिकेट द्यायला लागली काय?" म्हणाला, आणि फोन ठेवला.

आजारापेक्षा मला तेच लागलंय. 'बाबा प्यायचे नाहीत' एवढं त्याने एकदा तोंडाने म्हणावं.

फिल्म मी खिडकीच्या काचेला लावली आहे. तुमची सून करवादते, "पोह्याचे पापड वाळतात तिथे तुमचं डोकं नको!" या पत्राला पत्ता नाही, तेव्हा तेही फिल्मच्या मागे खोचून ठेवीन. एक सांगू? फोटो बघून मला थोडा आनंदही झाला. तुमचं नाक, तुमचा आवाज, सगळं धाकट्यानेच नेलं होतं. तुमचं काहीतरी माझ्याकडेही निघालं.

थांबा बाबा. अंगणात चट्... फर्र... चट्...

धाकटा आहे. एका हाताने चौकट घट्ट धरलीय, आणि कुंपणापलीकडून शेजारीण डोळे मोठे करून बघतेय.

"दादा," तो म्हणतो, "आधी माझ्या तोंडाचा वास घे."