हादऱ्यानं न पडलेलं चित्र

चि. विभा,

जुन्या काळातली एक फ्रेंच बाई मोकळ्या हवेत बसून चित्र काढतेय, असं तू रंगवलेलं ते चित्र मीच कचऱ्यात ठेवलं. सुनेनं नदीकाठी रंगवत बसायचं आणि सासूनं भांडी घासायची, डोकं फिरलं माझं.

इथे जपानात चुकीच्या वारी ठेवलेला कचरा नेत नाहीत. त्यावर लाल चिठ्ठी चिकटवून गेले. शेजारच्या सातोसाननी चित्र पुसून, वाकून दारात आणून दिलं. चौकट फुटली होती.

मार्चच्या मोठ्या भूकंपापासून हादरे चालूच आहेत, म्हणून तुला फोनवर म्हटलं, हादऱ्यानं पडलं. तू नागोयाला गेलेली, तिथून चित्राचं विचारलंच नाहीस. "आई, तुम्हाला लागलं नाही ना?" एवढंच.

खाली 'आई' लिहायची लाज वाटते.

तुझी सासू