गुड फ्रायडेला तू चर्चमध्ये नव्हतीस

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. लग्नानंतर मी माणिकपूरला, तू आपल्या गास गावात. आठवण आली की रिक्षात बसायचं आणि तुझ्या ओट्यावर यायचं! पण काल, तू गेल्याला महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्साला, तुझ्यासाठीच्या प्रार्थनेला, एक बाई भेटली. आता जे बोलायचंय ते कागदावरच बोलावं लागणार.

शालन शिंदे. तू कशी विसरशील तिला? विसरले होते मी.

त्या गुड फ्रायडेला मी अकरावीत होते. चर्चमध्ये पहिल्यांदाच एकटीनं स्तोत्र गाणार होते. महिनाभर तूच माझ्याकडून ते घोटून घेतलंस, आठवतं?

प्रार्थनेला अजून थोडा अवकाश होता. पुरुषमंडळी आवारात उभी होती. तेवढ्यात तू आलीस, घरातल्याच साडीत, केस विस्कटलेले. थेट पप्पांकडे गेलीस.

"चार माणसं हवीत मला."

"कशाला?"

"आपल्या वाडीमागच्या नव्या बिल्डिंगीत एक माणूस वारलाय. घरात बायको, तिची लहान मुलगी आणि दीर, एवढेच. साताऱ्याकडचे आहेत, इथं कुणाला ओळखत नाहीत. शेजारी सुट्टी म्हणून गावी गेलेत. दीर पुढे मडकं धरणार, मग तिरडीला खांदा कोण देणार?"

मागून कुणीतरी कुरकुरलं, "आज? प्रार्थना सोडून? आणि त्यांच्या पद्धती आपल्याला कुठे ठाऊक?"

"पद्धत तो दीर सांगेल," तू म्हणालीस. "उचलायला तर येतं ना?"

मग पप्पांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे दिलं आणि ते निघाले. त्यांच्यामागून आणखी तिघे. पांढऱ्या सदऱ्यांतले आपले चार ख्रिस्ती, एका अनोळखी माणसाला खांदा द्यायला!

मी गायले. सगळ्यांनी कौतुक केलं. पण तुझी जागा रिकामी होती, आणि माझा नुसता संताप झाला होता. घरी आल्यावर मी काय बोलले तुला! "आजच्या दिवशी तरी देवासाठी वेळ काढायचास!" तू ऐकून घेतलंस आणि जेवायला वाढलंस. ईस्टरपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही.

का गं गप्प राहिलीस? एकदा रागवायचंस तरी!

काल मिस्सा संपल्यावर त्या वारलेल्या माणसाची बायको, शालनताई, माझा हात धरून रडली. म्हणाली, "पुढचे तेरा दिवस तुमच्या आई रोज सकाळी यायच्या. डब्यात पेज असायची. मी तोंड लावत नव्हते, तर नुसत्या बसून राहायच्या. एक दिवस मीच फटकन विचारलं, मला तुमच्या धर्मात घ्यायचंय म्हणून येता का? त्या हसल्या. म्हणाल्या, 'नाही गं बाई. तू दोन घास खाल्लेस की मी जाते.' त्या दिवशी मी पोटभर जेवले."

ती गावी परत जाणार होती. तुझ्यामुळे राहिली. शिवणकाम करून तिनं मुलीला नर्स केलं.

तेरा दिवस, आई! आणि आम्हाला वाटायचं, तू मोगरा खुडायला लवकर जातेस.

मी आता रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. 'शेजाऱ्यावर प्रेम कर' असं फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिते. पण माझ्याच बिल्डिंगीतल्या किती जणांची नावं मला ठाऊक आहेत? काल रात्री मोजायला बसले आणि लाज वाटली.

त्या दिवशी मी चुकले. तू देवासाठी वेळ काढला नाहीस असं म्हटलं होतं ना? आपल्या सगळ्या गावात त्या दुपारी देवाच्या सर्वांत जवळ तू होतीस. याबद्दल आता माझ्या मनात तीळभर शंका नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहायला आलंय. आजोबांना नीट दिसत नाही, भिंत चाचपत जिना उतरतात. आजवर मी बाजूला सरून त्यांना वाट देत आले, आणि त्यातच स्वतःला भली समजत आले. उद्या शाळेत शिकवून आले की त्यांची बेल वाजवीन. नाव विचारीन. आणि हात धरून त्यांना खाली फिरायला नेईन.

उद्याच, आई. शब्द देते.

तुझी थोरली,
स्टेला