शेपटीचे केस

मंगळवार, ४ मार्च

बाबांनी एकदाचा शब्द काढला! शेपटीच्या केसांवरून सहाही कालवडींची जनुकीय चाचणी करायची, कोण जास्त दूध देईल ते बघायला. तीन मी वाढवलेल्या, तीन दादाने. "जिचा नंबर पहिला, तिला वाढवणाऱ्याचा गोठा. शेवटची खाटकाकडे." दादा हसला. त्याला वाटलं, बाबा चेष्टा करताहेत. बाबांनी चेष्टा केलेली मला तरी जन्मात आठवत नाही.

दादा म्हणे, "कालवड बघितली की कळतं गं, केस कशाला उपटायचे?" हा माणूस गायींशी गप्पा मारतो आणि कोणती कधी व्याली ते विसरतो. वळूंच्या याद्या मी वाचायच्या, दुधाच्या नोंदी मी ठेवायच्या, आणि गोठा त्याला? का, तर मुलगा!

गुरुवार, ६ मार्च

दादाची ती कालवड, टिकली, बघून माझ्या पोटात दुखतं. कपाळावर पांढरा ठिपका, पाय सरळ, छाती रुंद. आकडे यायच्या आधीच मला दिसतंय — तीच पहिली येणार. आणि माझी भुरी? बापडी! चालताना गुडघे एकमेकांना लागतात.

शुक्रवार, ७ मार्च

केस उपटले. शेपटीच्या गोंड्यातून, मुळासकट, एकेकीचे तीस-चाळीस. दादा टिकलीला "झालं हं, झालं" करत होता. पाकिटं माझ्याकडे. प्रत्येकावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आईचा नंबर, बाप म्हणून वळूचं नाव — सगळं माझ्याच वळणदार अक्षरात.

टिकलीचे केस भुरीच्या पाकिटात घातले. भुरीचे टिकलीच्या. पोस्टात टाकून आले आणि पोटभर जेवले.

बुधवार, १२ मार्च

पश्चात्ताप वगैरे काही नाही. वाट बघतेय.

सोमवार, १४ एप्रिल

निकाल! पाकीट बाबांच्या नावाने आलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, सावकाश. पहिलं मला दिलं. दुसरं घडी करून खिशात. "ते काय?" "प्रयोगशाळेची बारीकसारीक टिपणं." जाऊ दे! भुरी पहिली. टिकली सहावी!

दादा मान हलवत राहिला. "काहीतरी चुकलं असेल गं. पुन्हा पाठवू या का?" मी म्हटलं, "आकड्यांना माया नसते, दादा." काय वाक्य सुचलं! बाबा माझ्याकडेच बघत होते. "तुला काही म्हणायचंय?" नाही म्हटलं.

शनिवार, १९ एप्रिल

गाडी आली. टिकली चढेना. खाटकाचा माणूस तिची शेपटी पिरगाळत होता. मीच म्हटलं, "दादा, दावं तू धर. तुझ्यामागे येईल." आलीच! फळीवरून तुरुतुरु, त्याची बाही चाटत. दादाने तोंड फिरवलं, मी फिरवलं नाही. बाबांनी पुन्हा विचारलं, "काही म्हणायचंय?" तेच तेच काय विचारतात! नाही म्हटलं.

दादा संध्याकाळी बॅग भरून गेला. दुसऱ्याच्या गोठ्यावर धारा काढणार म्हणे. काढू दे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेवढं मात्र अंगावर आलं. आत जाऊन डोक्यावरून न्हाले.

सोमवार, २१ एप्रिल

गोठा माझा! भुरीला टिकलीच्या जागी बांधलं. बावळटासारखी बघत बसते.

मंगळवार, २२ एप्रिल

लसीकरणाच्या वहीत ते दुसरं पान सापडलं. टिकली आणि भुरी, दोघींच्या नंबरापुढे छापलंय: 'नोंदवलेला बाप जुळत नाही.' खाली खरे बाप — टिकलीपुढे भुरीचा, भुरीपुढे टिकलीचा. केसांवरून बापही तपासतात! हे मी कसं विसरले? गुरांच्या डॉक्टरांना हे मीच समजावून सांगितलं होतं!

बाबांनी हे पान चौदा तारखेलाच वाचलं. टिकली तेव्हा गोठ्यात होती. दादाही.

बुधवार, २३ एप्रिल

विचारलं, "मग थांबवलं का नाही?" बाबा म्हणाले, "गोठा कोणाला जमेल ते बघत होतो." आणि चहा मागितला.

करून दिला. माझा बाप मात्र जुळतो.