पाठीवरचा निळा डाग

३ मार्च
बाळाला नेलं. लस टोचायला म्हणून गेलो होतो. आमच्या आधीच्या गोऱ्या बाळाच्या कपाळावर टेंगूळ होतं. नर्स त्याच्या आईला हसून म्हणाली, पोरं पडतातच. आमच्या बाळाचं अंगडं वर केलं, पाठीवरचा निळा डाग बघितला आणि थांबलीच. म्हटलं, जन्मापासूनचा आहे, आमच्यात असतो, मोठेपणी जातो. तिनं डॉक्टरला बोलावलं. त्यानं यांना विचारलं, घरी हात उचलता का? यांचा आवाज चढला. झालं! बालकल्याणवाल्यांनी बाळ तिथूनच काढून नेलं. रिकामं दुपटं घेऊन घरी आलो.

५ मार्च
दूध दाटून येतंय. बेसिनमध्ये पिळून टाकते.

९ मार्च
बालकल्याणच्या मॅडम घर बघून गेल्या. यांच्या रागाबद्दल खोदून खोदून विचारलं. सासूबाई म्हणाल्या — मला ऐकू कमी येतं, म्हणून हा पहिल्यापासून ढोलासारखा बोलतो. मॅडमना आपली भाषा येत नाही. मी त्यांच्या भाषेत सांगितलं, तर म्हणाल्या, तुम्ही नवऱ्याला पाठीशी घालताय.

१६ मार्च
भेट मिळाली. कोपऱ्यात बालकल्याणची बाई बसलेली. मी अंगाई सुरू केली तर म्हणाली, "आम्हाला कळेल अशा भाषेत बोला." त्या भाषेत मला अंगाई येत नाही. बाळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलं.

२१ मार्च
आपल्या लोकांच्या केंद्रातल्या ताई आल्या. आधी सासूबाईंजवळ बसल्या. मग मला विचारलं, जेवलीस का? रडू आवरेना. त्यांच्या मुलांनाही असाच डाग होता. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना त्या बालकल्याणच्या कचेरीत नेणार आहेत. यांना म्हणाल्या, "दादा, त्यांच्यातला बाप ओरडला तर काळजी म्हणतात. आपल्यातला ओरडला तर धोका. तिथे हळू बोला."
हे मान खाली घालून हो म्हणाले.

४ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी पटवलं — मार नव्हे, जन्मखूण. बाळ घरी! अंगाला परक्या साबणाचा वास. माफी कुणी मागितली नाही. मॅडम मात्र येत राहणार, बापाचा स्वभाव बघायला.

१२ एप्रिल
बाळ अंगावर पीत नाही. तोंड फिरवतं. हे घरातही कुजबुजतात. सासूबाई सारख्या विचारतात, काय म्हणालास? हे पुन्हा सांगत नाहीत.

२० एप्रिल
पाळी चुकली. यांना सांगितलं नाही. ताईंनाही नाही. दवाखान्यात तर पाऊल ठेवणार नाही.